बंद प्लग मेलेला नसतो

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आपल्याला सांगितलं होतं की, आपापल्या कामातलं असं काहीतरी सांगा, जे बाकीच्यांना घरी नेऊन वापरता येईल. सकाळी आपल्या डॉक्टर मैत्रिणीने मधुमेहाबद्दल सांगितलं, बँकेतल्या मित्राने वारसनोंद आणि मृत्युपत्राबद्दल सांगितलं. आता वायरमनची पाळी. माझ्या आय.टी.आय.च्या प्रमाणपत्रावर 'तारतंत्री' असा शब्द आहे, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. तेव्हा वायरमनच म्हणा.

विषय मी साधा निवडला आहे. घरातला एखादा प्लग अचानक बंद पडला तर काय करायचं? आपल्या ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी हा प्रश्न मला विचारतंच. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आता दोघंच असतात. मुलं पुण्याला, बंगलोरला, नाहीतर परदेशात. एका प्लगसाठी वायरमन लगेच येत नाही, 'उद्या येतो' म्हणून चार दिवस लावतो. हे आमच्या जातभाईंबद्दल मी स्वतःच सांगतो, म्हणजे तुम्हाला बोलायला नको. तर त्या चार दिवसांत तुम्ही काय तपासू शकता, कोणत्या क्रमाने, आणि कुठे हात मागे घ्यायचा, एवढंच सांगणार आहे. त्यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

आधी शब्दांचं बघू. भिंतीवरच्या भोकांच्या जागेला दुकानात सॉकेट म्हणतात. आपण घरी तिला प्लग म्हणतो, आणि वायरच्या टोकाला असते ती पिन. मीही तसंच म्हणेन.

आठवीत सरांनी टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि दोन वायरी घेऊन वर्गात दिवा लावून दाखवला होता. 'विद्युत मंडल पूर्ण झालं तरच प्रवाह वाहतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि बहुतेकांनी तिथेच सोडून दिलं. मी त्या एका वाक्यावर संसार केला. घरातली वीजही तशीच आहे. एक वायर फेजची, एक न्यूट्रलची. फेजने यायचं, उपकरणातून जायचं, न्यूट्रलने परत जायचं. (सर, प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो हे मला ठाऊक आहे. समजायला सोपं जावं म्हणून असं म्हणतोय.) तिसरी वायर अर्थिंगची. ती रोजच्या कामाची नाही, वाईट वेळेसाठी आहे.

प्लगसमोर उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. पिनेचा वरचा दांडा जाड आणि लांब असतो, कारण आत जाताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावं.

आता प्लग बंद पडतो म्हणजे काय होतं? तीनच गोष्टी होऊ शकतात. एक, फेज तिथपर्यंत पोचत नाही. दोन, फेज पोचते पण न्यूट्रल कुठेतरी तुटला आहे. तीन, दोन्ही आहेत, पण आतल्या पितळी पट्ट्या सैल होऊन पिनेला धरत नाहीत. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. इस्त्री गार ती गारच. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात त्या बंद प्लगमध्ये २३० व्होल्ट जसेच्या तसे उभे असतात. म्हणून मी म्हणतो, प्लग बंद असतो, मेलेला नसतो.

आपल्याच तालुक्यातल्या एका घरची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. मे महिना होता. आपल्याकडचा मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कूलर बंद पडला. घरातल्या कर्त्या मुलाने त्याच प्लगला टेबल फॅन लावून पाहिला, तोही चालेना. म्हणजे प्लगमध्ये लाइटच नाही, असं त्याने धरलं. हिशोब सरळ वाटतो. बटण चालूच राहिलं, मेन स्विच बंद केला नाही, कारण बाकी घरातले पंखे बंद करायला कोणी तयार नव्हतं. फरशीवर कूलरचं पाणी, पाय अनवाणी. त्याने बोर्डाचे स्क्रू काढले, बोर्ड पुढे ओढला आणि मागे बोट घातलं.

मला बोलावलं ते नंतर, घर पुन्हा सुरू करायला. न्यूट्रलचा एक स्क्रू ढिला झाला होता. अर्धा फेरा आवळला आणि कूलर सुरू झाला. घरात तेव्हा कोणी बोललं नाही, मीही बोललो नाही. पैसे घेतले नाहीत आणि निघालो.

त्या घरात एमसीबी होत्या. पुष्कळांना वाटतं, एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. प्लगवरची एमसीबी सोळा अँपिअरची असते, आणि माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी वेगळी वस्तू असते, आरसीसीबी. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरपर्यंतचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह दुसऱ्याच वाटेने जमिनीत गेला, तर ती क्षणात सप्लाय तोडते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर तिलाही काही कळत नाही. तिच्या हिशोबात तुम्ही एक बल्ब असता.

आता क्रमाने घेऊ.

पहिलं काम हात न लावता करायचं. बघा, वास घ्या, कान द्या. जळका वास, प्लगवर काळा किंवा पिवळा डाग, प्लास्टिक वितळलेलं, आतून चरचर आवाज, भिंतीला ओल. यातलं काहीही असेल तर पुढची एकही पायरी नाही. त्या खोलीची एमसीबी बंद करा आणि वायरमनची वाट बघा, चार दिवस लागले तरी.

दुसरं, बंद किती आहे ते मोजा. शेजाऱ्यांकडे लाइट आहे का? आपल्या घरात बाकी ठिकाणी आहे का? एक खोली बंद आहे, एक बोर्ड, की एकच प्लग? हे दोन मिनिटांचं काम आहे आणि निम्मा शोध इथेच संपतो. फोनवर वायरमनला 'लाइट गेली' असं न सांगता 'बेडरूमच्या बोर्डावरचे दोन्ही प्लग बंद आहेत, दिवा लागतो' असं सांगितलंत, तर तो योग्य सामान घेऊन येईल.

तिसरं, दोष उपकरणात आहे का? ते उपकरण दुसऱ्या चालू प्लगला लावून पाहा, आणि चालू असलेला टेबल लॅम्प या प्लगला लावून पाहा. दोन्ही करा, एकावर थांबू नका. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत प्लग ठीक आणि पिनेतली वायर तुटलेली, असं कितीतरी वेळा निघालं आहे. इस्त्रीची वायर पिनेजवळ वाकून वाकून तिथेच तुटते.

इथे एक खूण सांगून ठेवतो. मोबाइलचा चार्जर चालतो पण इस्त्री किंवा गिझर चालत नाही, किंवा चालता चालता बंद पडतो, तर 'प्लग ठीक आहे' असं समजू नका. आतला जोड सैल आहे. गणित सोपं आहे. दोन हजार वॅटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर घेतो. सैल जोडाचा रोध फक्त एक ओहम धरा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळजवळ ७५ वॅट उष्णता त्या एका स्क्रूपाशी. पूर्वीचा पिवळा बल्ब आठवा, त्याला हात लावता येत नसे. तसा बल्ब प्लास्टिकच्या डबीत कोंडून भिंतीत ठेवल्यासारखं झालं. चार्जरचा प्रवाह इतका कमी की तिथे काहीच जाणवत नाही. घरांना आग लागते तेव्हा 'शॉर्ट सर्किट' म्हणून सांगतात, पण त्यातल्या कितीतरी ठिकाणी सुरुवात अशाच सैल जोडापासून झालेली असते. आणि अशा जोडाला एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

चौथं, एमसीबी. खटका पूर्ण खाली किंवा मधेच लटकलेला दिसेल. मधे लटकलेला असेल तर नुसता वर ढकलून राहत नाही. आधी पूर्ण खाली दाबायचा, मग वर करायचा. त्याआधी त्या खोलीतल्या सगळ्या पिना काढून ठेवा. एकदाच वर करून पाहायचं. पुन्हा लगेच पडला तर वायरिंगमध्ये दोष आहे, थांबा. राहिला, तर एकेक उपकरण लावत जा. ज्याच्याबरोबर पडला ते उपकरण बाजूला काढा. पंधरा-वीस मिनिटांनी पडत असेल तर त्या वायरवर बोजा जास्त झाला आहे, गिझर आणि इस्त्री एकाच वेळी चालवू नका. पडणारी एमसीबी काढून मोठी बसवून घेण्याचा आग्रह मात्र धरू नका. वायर तीच, पातळ. एमसीबी मोठी झाली म्हणून वायर जाड होत नाही.

जुन्या वाड्यांमध्ये अजून पांढरे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. त्यात तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवलेली मी अनेकदा पाहिली. तो फ्यूज राहत नाही, फक्त खिळा राहतो. त्याहून वाईट म्हणजे काही जुन्या घरांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज असतात. न्यूट्रलचा उडाला की सगळं घर बंद दिसतं आणि प्रत्येक प्लगमध्ये फेज हजर असते. न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज लावायला १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतच मनाई होती. तुमच्या वाड्यात असेल तर या वर्षी तो काढून घ्या.

पाचवं, आरसीसीबी. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ती पडली असेल तर पुन्हा सगळ्या पिना काढायच्या, ती वर करायची आणि एकेक उपकरण लावायचं. पावसाळ्यात गच्चीवरचा, अंगणातला, बाथरूममधला प्लग आधी तपासा. गिझरची कॉइल फुटली की ती हमखास पडते. सारखी पडते म्हणून तिला बगल देऊन जोडणारे महाभाग आहेत. ती पडते म्हणजे घरात कुठेतरी वीज गळते आहे. तुमच्यापर्यंत पोचण्याआधी ती सांगते आहे, एवढाच अर्थ घ्या.

इथपर्यंत तुमचं काम. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा लागला की आमचं काम सुरू.

तरीही टेस्टरबद्दल सांगायला हवं, कारण तो प्रत्येकाच्या घरी आहे आणि त्याच्यावर सगळ्यांचा नको इतका विश्वास आहे. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे, एवढं बरोबर. टेस्टर पेटला नाही म्हणजे फेज नाही, हे चूक. तो खराब असू शकतो, उजेडात त्याचा बारीक दिवा दिसत नाही, तुम्ही लाकडी स्टुलावर प्लास्टिकची चप्पल घालून उभे असता म्हणूनही तो मंद होतो. आमचा नियम असा की, टेस्टर आधी चालू प्लगवर पाहायचा, मग बंद प्लगवर, मग परत चालू प्लगवर. तिसरी वेळ यासाठी की, मधल्या वेळात टेस्टरच गेला नाही ना. आणि न्यूट्रल आहे की नाही हे टेस्टर सांगतच नाही. फेजच्या भोकात पेटला, तरी उपकरण बंदच. अशा वेळी त्याच बोर्डावर एखादं उपकरण लावून चालू ठेवलं, तर न्यूट्रलच्या भोकातही टेस्टर पेटतो. लोक घाबरतात, 'दोन्हीकडे फेज कशी?' फेज एकच असते. ती उपकरणातून पलीकडे येऊन, परतीची वाट बंद म्हणून तिथेच उभी असते. सरांचं मंडल अपुरं राहिलं, एवढंच.

हा न्यूट्रल नेहमी त्याच बोर्डात तुटलेला असतो असं नाही. वायर एका बोर्डातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. बेडरूमचा बोर्ड बंद असतो आणि दोष हॉलच्या बोर्डात निघतो. शेवटचा चालू बोर्ड आणि पहिला बंद बोर्ड, या दोघांत शोधायचं. म्हणून वायरमन चालू बोर्ड उघडायला लागला तर 'हा तर चालू आहे, हा कशाला उघडता?' असं त्याला म्हणू नका.

बटण बंद केलं की झालं, यावरही विसंबू नका. पूर्वीच्या कामात बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण बंद, तरी प्लगमध्ये फेज. आणि ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर काही बोर्डांना २३० व्होल्ट देतच राहतो. मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद केल्याशिवाय घर बंद झालं असं म्हणायचं नाही.

एक वेगळा प्रकारही सांगतो. एक प्लग बंद नसून सगळ्या घरातले दिवे कधी एकदम प्रखर, कधी मंद होत असतील, पंखे नेहमीपेक्षा जोरात फिरत असतील, तर विचार करत बसू नका, मेन बंद करा. बाहेर खांबावर किंवा इमारतीच्या मीटरच्या खोलीत न्यूट्रल तुटला आहे. थ्री फेज इमारतीत अशा वेळी काही घरांना ४०० व्होल्टच्या जवळपास दाब जाऊ शकतो. टीव्ही, फ्रिज सगळं जातं. वीज कंपनीचा १९१२ हा नंबर फोनमध्ये ठेवा. मीटरच्या आधीचं सगळं त्यांचं. तिथलं सील आम्हीही तोडत नाही.

आणि समोर कोणाला शॉक बसलाच, तर पहिल्यांदा त्याला धरू नका. मेन बंद करा. मेन हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने, प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला वायरीपासून दूर ढकला. श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ला फोन करायला सांगा. छातीवर दाब कसा द्यायचा ते आपल्या डॉक्टर मैत्रिणीकडून जेवणाच्या सुट्टीत शिकून घ्या. मी तिला विचारून ठेवलं आहे.

घरी गेल्यावर तीन कामं करा. पहिलं, एमसीबीच्या पेटीवर कोणता खटका कोणत्या खोलीचा ते कागदावर लिहून चिकटवा. हे लिहायला वायरमन लागत नाही, एकाने खटका पाडायचा आणि दुसऱ्याने खोलीतून ओरडायचं. नवराबायकोंनी ही संधी सोडू नये. दुसरं, आरसीसीबी आहे का ते बघा. असेल तर दिवसा एकदा 'टी' दाबा. पडली पाहिजे. पडली नाही, किंवा मुळात नसेलच, तर वायरमनला बोलावून बसवून घ्या. तिसरं, तो येईल तेव्हा सगळ्या बोर्डांचे स्क्रू आवळून घ्या आणि सैल झालेले प्लग बदला. पिन लावताना सहज आत जाते, लोंबकळते, काढीपेटीची काडी खोचून बसवावी लागते, ते प्लग आधी बदला. बदलताना आयएसआय खुणेचेच घ्या.

आमच्या धंद्यात काम नीट झालं तर काहीच दिसत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, कोणाला वायरमनची आठवण होत नाही. ज्या शाळेतून डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक झाले, तिच्या व्यासपीठावर तुम्ही मला बोलावलंत, आणि सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकून घेतलंत. मघाशी तुम्ही विचारलंत की, तुमच्या स्वयंपाकघरातला मिक्सरचा प्लग आठवडाभर बंद आहे, त्याचं काय. उद्या सकाळी नऊला मी येतो. तोपर्यंत कोणी बोर्ड उघडू नका, त्या खटक्यावर कागद चिकटवून ठेवा.